स्कीच्या बुटांत नडग्या आणि घोटे कसे सांभाळले

फेब्रुवारी 2024 मध्ये गुलमर्गला स्कीइंगचा प्राथमिक प्रशिक्षणवर्ग पूर्ण करून मी पुण्याला परतले. त्याआधीचे काही महिने जी तयारी चालली होती, तिचा मोठा भाग थंडीशी किंवा घसरण्याच्या तंत्राशी नव्हे, तर गुडघ्याखालच्या पायाशी संबंधित होता. पुण्यातल्या ज्या ओळखीच्या गिर्यारोहकांनी असे वर्ग केले होते, त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचे सांगणे एकच होते: बर्फात पडण्याचे काही वाटत नाही, बूट मात्र रडवतात. कोणाच्या नडगीवर काळानिळा पट्टा उमटला होता, तर कोणी घोट्याच्या हाडावर फोड आल्यामुळे वर्गाचे शेवटचे दिवस खोलीत बसून काढले होते. यावर उपाय काय, असे विचारले की ‘सवय होते’ एवढेच उत्तर मिळे. माझ्या उजव्या घोट्याला जुनी दुखापत आहे. त्यामुळे सवयीवर भरवसा ठेवून एवढ्या लांब जायला मी तयार नव्हते. जे शोधले, जे करून पाहिले आणि ज्याचा खरोखर उपयोग झाला, ते क्रमाने लिहीत आहे.

अर्ज ऑक्टोबर 2023 मध्ये भरला. स्कीइंग शिकवणाऱ्या सरकारी संस्थांमध्ये गुलमर्गची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था, मनालीची अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आणि औलीला वर्ग भरवणारे गढवाल मंडल विकास निगम ही नावे प्रथम समोर येतात. माझ्या रजेशी तारखा जुळल्या त्या गुलमर्गमधल्याच एका खासगी वर्गाच्या. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला असलेला माझा भाचाही सोबत येणार होता, म्हणून दोघांचे अर्ज एकत्रच पाठवले. ओळखपत्राची प्रत, छायाचित्रे, जोखीम स्वीकारल्याचे सही केलेले पत्र आणि एम.बी.बी.एस. डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र एवढे कागद लागले. प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक दोन्ही हवेत, हे अर्जात बारीक अक्षरांत लिहिलेले असते. ते आधीच पाहून घ्यावे म्हणजे हेलपाटा वाचतो.

‘पूर्वीच्या दुखापती’ या रकान्यात मी घोट्याच्या लिगामेंटची दुखापत नोंदवली होती. आठवड्याभराने उत्तर आले की अस्थिरोगतज्ज्ञांचे वेगळे प्रमाणपत्र जोडावे. भेटीची वेळ मिळायला नऊ दिवस लागले, तपासणीचे आठशे आणि एक्स-रेचे साडेचारशे रुपये झाले. अनेक जण हा त्रास टाळण्यासाठी तो रकाना कोरा सोडतात. तसे करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. एक तर ती माहिती पुढे प्रशिक्षकाला उपयोगी पडते. दुसरे म्हणजे या तपासणीमुळेच मी वेळेवर फिजिओथेरपिस्टकडे पोहोचले आणि पुढची सगळी वाट तिथून उघडली.

कोथरूडच्या त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत मला भिंतीसमोर उभे केले. पायाचा अंगठा भिंतीपासून काही अंतरावर ठेवायचा, टाच जमिनीवरून न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि टेकतो तोवर पाय मागे मागे नेत राहायचे. डाव्या पायाचे अंतर 10 सेंटिमीटर भरले, जे पुरेसे मानतात. उजव्याचे जेमतेम 6 भरले. त्या म्हणाल्या, “ताई, तुमचा घोटा बरा झालाय, पण पुढे वाकत नाही. स्कीच्या बुटात नेमके तेच लागणार आहे.”

हे त्यांनी समजावून सांगितले तेव्हा नडगी आणि घोटा या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत, हे माझ्या लक्षात आले. स्कीचा बूट नडगीला कायम थोडी पुढे कलती ठेवतो. तेवढा कल घोट्याला स्वतःहून घेता आला नाही, तर शरीर टाच उचलून ती उणीव भरून काढते. टाच उचलली गेली की अख्खा पाय बुटात पुढे सरकतो, बोटे टोकाला आदळतात, घोट्याचे हाड त्याच्यासाठी ठेवलेल्या खोबणीतून बाहेर येते आणि नडगी बुटाच्या वरच्या कडेवर घासू लागते. दुखते नडगी, पण बिघाड असतो टाचेपाशी. पुढे गुलमर्गला मी जे जे केले, त्यामागचे सूत्र हेच होते.

व्यायाम साधे होते आणि घरच्या घरी होण्यासारखे होते. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभे राहून टाचा सावकाश खाली सोडणे, गुडघा वाकवून पोटरीचा खालचा भाग ताणणे, भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे थांबणे, आणि टाचांवर उभे राहून चवडे वर उचलणे. हा शेवटचा व्यायाम नडगीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूसाठी आहे आणि तो कोणी करत नाही. एका वेळच्या भेटीचे सहाशे रुपये पडत. दर आठवड्याला न जाता मी महिन्यातून एकदा जाऊन अंतर मोजून घेत असे. सकाळी पर्वती चढून उतरताना, उतरण्याकडे मुद्दाम लक्ष देण्याची सवयही त्याच काळात लागली. जानेवारीपर्यंत उजवा घोटा 8 सेंटिमीटरवर आला. उरलेल्या उणिवेसाठी बुटात टाचेखाली 4 मिलिमीटरची पाचर घालावी, असे बाईंनी सुचवले आणि ती तिथेच दोनशे रुपयांत करून दिली. टाच थोडी वर असली की घोट्याला कमी वाकावे लागते, आणि टाच अधांतरी न राहता कशावर तरी टेकते.

आता बुटाविषयी, कारण पुण्यात हा बूट हातात घेऊन पाहण्याची संधी बहुतेकांना मिळत नाही. 1960 च्या दशकापर्यंत स्कीचे बूट चामड्याचे असत. अमेरिकेतल्या बॉब लँग यांनी त्या दशकात प्लास्टिकचे बूट बाजारात आणले आणि नंतर त्यांची उंची वाढत जाऊन ते नडगीपर्यंत आले. घोटे मोडण्याचे प्रमाण त्यामुळे घटले, पण दाब वर सरकून नडगीवर आला. नडगीच्या पुढच्या बाजूला हाड आणि त्वचा यांच्यामध्ये स्नायूची गादीच नसते. हाडावरच्या पातळ आवरणात मात्र संवेदना भरपूर असतात. म्हणून तिथे लागलेला थोडासा मारही कळ आणतो. बुटाचे दोन भाग असतात: बाहेरचे टणक कवच, म्हणजे शेल, आणि आतला मऊ बूट, म्हणजे लायनर. बहुतेक बुटांना चार बकले असतात आणि सर्वांत वर वेल्क्रोचा रुंद पट्टा असतो.

बुटाचे माप म्हणजे पायाची सेंटिमीटरमधली लांबी. 24.5 मापाचा बूट म्हणजे साडेचोवीस सेंटिमीटर लांबीच्या पायासाठीचा बूट. शेल सहसा पूर्ण मापांतच बनते, म्हणजे 24 आणि 24.5 यांचे शेल एकच असते. रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतात: 98 म्हणजे अरुंद, 100 मध्यम, 102 किंवा अधिक म्हणजे रुंद. आणखी एक आकडा ताठपणाचा असतो, त्याला फ्लेक्स म्हणतात. शिकाऊ स्त्रियांसाठी साधारण 60 ते 80 आणि पुरुषांसाठी 80 ते 100 फ्लेक्सचे बूट सुचवले जातात. हा आकडा ठरवण्याचे सर्व कंपन्यांना बंधनकारक असे एक मोजमाप नाही, त्यामुळे दोन कंपन्यांचे 80 सारखेच असतील असे धरून चालू नये.

माप संध्याकाळी घेतले, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. टाच भिंतीला टेकवून, कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहायचे आणि दुसऱ्याने खूण करायची. डावा पाय 24.2, उजवा 24.4. हे आकडे, तळव्याची रुंदी, पोटरीचा घेर आणि घोट्याच्या दुखापतीची नोंद असे सगळे लिहून मी वर्ग घेणाऱ्या संस्थेला पाठवले. बूट भाड्याचेच असले तरी ते आधीपासून बाजूला ठेवता येतात का, असे विचारले. दोन आठवडे उत्तर आले नाही, मग फोन केला, तेव्हा नोंद करून घेतल्याचे सांगितले गेले.

पुण्यातून नेण्याच्या वस्तू फार नव्हत्या. खेळसाहित्याच्या दुकानातून स्कीसाठीचे उंच आणि पातळ मोजे घेतले, एका जोडीला हजाराच्या आत. मोजे जाड असावेत असे वाटते, पण जाड मोज्याला घडी पडते आणि ती घडीच नडगीवर रुतते. शिवाय पाय घट्ट दाबला गेल्याने रक्तप्रवाह अडून थंडी अधिक वाजते. नडगीसाठी जेलच्या बाह्या मागवल्या, त्यांचे अकराशे रुपये पडले. त्या घेताना शिवण मागच्या बाजूला येते ना, एवढे अवश्य पाहावे. रविवार पेठेतल्या रेक्झिन आणि फोमच्या दुकानातून 3 आणि 6 मिलिमीटर जाडीच्या घट्ट फोमचे तुकडे घेतले. दुकानदारांनी “कशासाठी हवाय?” असे विचारून दोन नमुने अंगठ्याने दाबून दाखवले आणि दाबल्यावर लगेच वर येणारा निवडून दिला, तो सल्ला अचूक निघाला, कारण मऊ स्पंज बुटात तासाभरात चेपून जातो. याखेरीज कापडी चिकटपट्टी, छोटी कात्री आणि फोडांवर लावायच्या पट्ट्या एवढेच घेतले. हे सगळे हातातल्या पिशवीत ठेवले. मोठी बॅग एखादे वेळी मागे राहिली, तरी पायांच्या वस्तू जवळ हव्यात.

वर्ग जानेवारीच्या उत्तरार्धात सुरू व्हायचा होता. त्या महिन्यात गुलमर्ग कोरडे राहिले होते, उघड्या कुरणांची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येत होती, आणि अपेक्षेप्रमाणे वर्ग पुढे ढकलल्याचा निरोप आला. विमानाची तिकिटे बदलण्यात प्रत्येकी सुमारे तीन हजार रुपये अधिक गेले. ती अनिश्चितता जाचक होती, व्यायामाला मात्र जास्तीचे दिवस मिळाले. महिन्याच्या अखेरीस बर्फ पडला आणि 8 फेब्रुवारी ही नवी तारीख ठरली. दिल्लीमार्गे श्रीनगर, तिथून टॅक्सीने टंगमर्ग आणि टंगमर्गहून चाकांना साखळ्या बांधलेल्या गाडीने वर, असा प्रवास झाला. मोबाइलचे पोस्टपेड कार्ड आधीच घेतले होते, कारण बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड कार्डे तिथे चालत नाहीत, आणि मला रोज संध्याकाळी पायांची छायाचित्रे फिजिओथेरपिस्ट बाईंना पाठवायची होती.

साहित्य वाटपाच्या दिवशी भांडारासमोर दोन तास रांग होती. आमचा क्रमांक आला तेव्हा 24.5 मापाचे बूट संपले होते आणि मला 25.5 देण्यात आले. मी तिथेच लायनर बाहेर काढून रिकाम्या शेलमध्ये पाय घातला. ही पाहणी प्रत्येकाने करावी, तिला दोन मिनिटे लागतात: बोटे पुढे हलकेच टेकवायची आणि टाचेमागे किती बोटे मावतात ते पाहायचे. दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण दोन बोटे, एवढी जागा शिकाऊ माणसाला ठीक. माझी तीन बोटे सहज गेली. भांडारपालांनी सौजन्याने दुसरा कप्पाही उघडून पाहिला, पण माझ्या मापाचा जोड नव्हता. “आज यातच चालवा, दीदी, उद्या बघू,” असे ते म्हणाले.

भाच्याची अडचण अगदी उलटी होती. त्याच्या पायाची लांबी बरोबर बसत होती, पण पोटऱ्या भरदार असल्यामुळे वरचे बकल लागतच नव्हते, आणि जोर लावून लावले की पायाला मुंग्या येत. तिथल्या एका मदतनिसाने बकलाची पट्टी पान्याने सोडवून पुढच्या छिद्रात बसवून दिली आणि बकल स्वतःभोवती फिरवून त्याची लांबी वाढवता येते, हे दाखवले. दहा मिनिटांत काम झाले. विचारल्याशिवाय कोणी हे करून देत नाही, म्हणून लिहिले.

गोल्फ मैदानाच्या सौम्य उतारावर सराव सुरू झाला आणि पहिल्याच दुपारी उजवी नडगी ठणकू लागली. बुटाची जीभ जिथे संपते, त्या रेषेत तळहाताएवढ्या रुंदीचा लाल पट्टा उमटला होता. आतल्या घोट्याचे हाड स्पर्शालाही नको म्हणत होते. खुंटा सैल झालेल्या जात्यासारखा पाय बुटात फिरत होता. आजूबाजूला बहुतेक जण दुखू लागले की बकले आणखी सैल करत होते, ही अगदी स्वाभाविक गोष्ट आहे, पण तिने दुखणे वाढते. बूट सैल झाला की टाच अधिक उचलली जाते आणि नडगी जिभेला सतत टेकून राहण्याऐवजी प्रत्येक उंचवट्यावर तिच्यावर आपटते.

आमचे प्रशिक्षक टंगमर्गचे होते, लहानपणापासून याच उतारांवर वाढलेले. संध्याकाळी त्यांनी मला बाकावर बसवून बूट घालण्याची पद्धत नव्याने शिकवली, आणि माझ्या मते संपूर्ण वर्गातली सर्वांत मोलाची शिकवण ती होती. बूट थंड असेल तर प्लास्टिक ताठ असते, म्हणून तो उबदार खोलीतच घालायचा. मोजा सुरकुती न ठेवता वर ओढायचा. आतल्या उबदार विजारीची कड बुटाच्या वरच संपवायची, आत एकच मोजा, दुसरे काहीही नाही. जीभ मधोमध बसवायची. मग टाच जमिनीवर दोन-तीनदा मागे ठोकायची, जेणेकरून ती खोबणीत जाईल. बकले खालून वर लावत न जाता आधी वरच्या दोनांपैकी खालचे लावायचे, गुडघे पुढे दाबून टाच आणखी आत बसवायची, ते बकल एक दात घट्ट करायचे, नंतर चवड्यावरची दोन बकले केवळ हलत नाहीत इतपत लावायची, मग सर्वांत वरचे, आणि शेवटी वेल्क्रोचा पट्टा चांगला ओढून. “चवड्यावर जोर लावून काही मिळत नाही, दीदी,” ते म्हणाले, “पाय फक्त बधिर होतो. टाच धरली पाहिजे.” चवड्यावरून जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या तिथे अगदी वरवर असतात, त्यामुळे बोटे बधिर होण्याचे कारण पुष्कळदा थंडी नसून तिथले घट्ट बकल असते.

त्या पद्धतीने नडगीचा त्रास निम्म्याने कमी झाला, पण घोट्याचे हाड अजून सलत होते. त्यावर खोलीत बसून काम केले, ते जरा तपशिलात सांगते. लायनर शेलमधून बाहेर काढला. पर्समधल्या कुंकवात पाण्याचे दोन थेंब घालून त्याचा ठिपका घोट्याच्या हाडाच्या सर्वांत उंच जागी लावला, उघडा पाय लायनरमध्ये घालून टाच ठोकली आणि पाय काढला. आत लाल खूण उमटली, ती लायनरमधल्या घोट्याच्या खोलगट जागेपेक्षा बोटभर पुढे आणि थोडी वर. म्हणजे हाड खोबणीत बसतच नव्हते. आत एक आणि बाहेर एक बोट ठेवून मी ती जागा लायनरच्या बाहेरच्या अंगाला पेनाने नोंदवली. मग 6 मिलिमीटर फोमचा घोड्याच्या नालेच्या आकाराचा तुकडा कापला, त्याच्या कडा कात्रीने तिरप्या केल्या आणि तो हाडावर नव्हे, तर हाडाच्या खालून आणि मागून येईल असा कापडी पट्टीने चिकटवला. हाडावर गादी ठेवली तर तिथला दाब वाढतो. हाडाभोवती ठेवली तर हाडासाठी खळगा तयार होतो आणि टाचेच्या वरची पोकळी भरून टाचही खाली धरली जाते. तुकडा त्वचेवर किंवा मोज्याच्या आत कधीही ठेवू नये, तो सरकतो आणि फोड आणतो. बूट भाड्याचे असल्यामुळे गोंद न वापरता, भांडारपालांना विचारून, निघू शकेल अशी पट्टीच वापरली. शेल गरम करून आतून बाहेर ढकलण्याचीही एक रीत आहे, पण ते यंत्राचे काम आहे आणि भाड्याच्या बुटावर ते करू देत नाहीत.

एवढे करूनही बूट मोठा तो मोठाच. 11 फेब्रुवारीला संस्थेच्या परवानगीने मी बाजारातल्या एका भाड्याच्या दुकानातून 24.5 मापाचा, 70 फ्लेक्सचा जोड घेतला, दिवसाला सातशे रुपये. पाहताना शेलमध्ये टाचेमागे दोन बोटे मावली. लायनरसह उभी राहिले तेव्हा बोटे टोकाला टेकत होती आणि गुडघे पुढे वाकवले की सुटत होती, हे योग्य बसल्याचे लक्षण. दुकानात वीस मिनिटे बूट घालून उभी राहिले, घाई केली नाही. फोमचे तुकडे नव्या लायनरवर लावले, पाचर उजव्या पायात घातली.

इथे एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट. बूट बदलला की स्कीवरची पकड, म्हणजे बाइंडिंग, पुन्हा जुळवून घेतलीच पाहिजे. बुटाच्या टाचेवर तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. माझ्या जुन्या जोडावर 295 होती आणि नव्यावर 285. पकड जुन्या लांबीवर राहिली तर बूट नको तेव्हा सुटतो किंवा पडताना सुटतच नाही, आणि मग तो पीळ थेट गुडघ्यावर किंवा नडगीच्या हाडावर जातो. वजन, उंची, वय, कौशल्य आणि ही लांबी यांवरून पकड किती जोराला सुटावी तो आकडा ठरवतात. भांडारातल्या तंत्रज्ञाने माझ्याकडून ही माहिती पुन्हा भरून घेतली, तक्ता पाहून स्क्रू फिरवले आणि नोंदवहीत सही घेतली. त्यासाठी अर्धी सकाळ गेली आणि ती जाणे आवश्यकच होते.

त्यानंतर नडगीचा जो थोडा त्रास उरला, तो बुटाचा नव्हता. उतार तीव्र दिसला की अंग आपोआप मागे जाते. वजन मागे गेले की पोटरी बुटाच्या मागच्या भिंतीवर रेलते, नडगी जिभेपासून सुटते आणि पुढच्याच झटक्याला त्यावर येऊन आदळते. प्रशिक्षकांनी मला काठ्या खाली ठेवून हात गुडघ्यांच्या पुढे धरायला लावले आणि संपूर्ण उतारावर नडगीने जीभ हलकेच, पण सलग दाबत ठेवायला सांगितले. भीती एका दिवसात जात नाही. मलाही ती शेवटपर्यंत थोडी वाटत राहिली. परंतु नडगीचा जिभेशी स्पर्श तुटला की लगेच जाणवू लागले, आणि तेवढ्याने शरीर पुढे आणता येऊ लागले. जेलच्या बाह्यांचे खरे मोल याच टप्प्यावर कळले. त्या चुकीच्या मापाचा बूट सुसह्य करत नाहीत, पण बूट नीट बसल्यावर उरलेला दाब सबंध नडगीवर पसरवतात. दुपारच्या जेवणाच्या वेळी त्या काढून नडग्या पुसून कोरड्या करणे आवश्यक असते, नाहीतर घामाने पुरळ येते. रांगेत किंवा चेअरलिफ्टवर असताना वरची बकले सैल करायची आणि उतरायच्या आधी पुन्हा लावायची, हेही अंगवळणी पडले.

“मावशी, तू बुटांची जेवढी काळजी घेतेस तेवढी माझीही घेत नाहीस,” असे भाचा म्हणे, आणि रात्री मात्र माझ्या शेजारी बसून स्वतःचे लायनर सुकवत असे. ओला लायनर दुसऱ्या दिवशी गोठतो आणि ताठ होऊन नेमका दुखऱ्या जागी टोचतो. तो बाहेर काढून खोलीत टांगावा, पण बुखारीला, म्हणजे खोली तापवण्याच्या शेगडीला, चिकटवून ठेवू नये. त्या उष्णतेने फोम आणि प्लास्टिक दोन्हींचा आकार बिघडतो. सुकल्यावर तो शेलमध्ये परत घालून बकले हलकीच लावून ठेवावीत, म्हणजे सकाळी बूट वाकडा झालेला नसतो. नडगीवर रोज रात्री रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरत असे. त्याची तिथे वाण नव्हती.

ठणका आणि धोका यांतला फरक बाईंनी मला निघण्यापूर्वी लिहून दिला होता. बूट काढल्यावर तासाभरात उतरणारे दुखणे दाबाचे असते. पण बूट काढूनही वाढत जाणारी, पोटरी किंवा नडगीभोवती घट्ट ताण आणणारी वेदना, पायाची बोटे वर उचलता न येणे, किंवा बधिरपणा न जाणे, असे काही झाले तर थांबायचे आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. तसेच नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल आणि त्या पायावर उडी मारताना कळ येत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. हा कागद मी आमच्या वर्गातल्या सर्वांना वाचायला दिला आणि एका मुलीने त्यावरून खरोखरच एक दिवस विश्रांती घेतली.

परतल्यावर 26 फेब्रुवारीला बाईंकडे गेले. उजव्या नडगीवर फिकट पिवळा डाग आणि हलका दुखरेपणा होता, तो मार्चच्या मध्यापर्यंत गेला. घोट्याला काही झाले नव्हते आणि अंतर 8 सेंटिमीटरवरच टिकून होते. पायांसाठी झालेला खर्च, म्हणजे तपासण्या, फिजिओथेरपी, पाचर, मोजे, जेल, फोम आणि बुटांचे वेगळे भाडे, मिळून दहा ते बारा हजारांच्या दरम्यान गेला. यातला जेलचा खर्च एक वेळ टाळता येईल. योग्य मापाच्या बुटाचे भाडे आणि घोट्याचे व्यायाम टाळू नयेत. फोमच्या तुकड्यांचे कागदी साचे कापून ठेवले आहेत, प्रत्येकावर डावा-उजवा आणि आतली-बाहेरची बाजू लिहिलेली आहे. त्यांच्यासोबत एका कार्डावर दोन्ही पायांची लांबी, रुंदी, पोटरीचा घेर, चाललेल्या बुटाचे माप, फ्लेक्स आणि पाचरीची जाडी नोंदवली आहे. पुढच्या वर्गाचा अर्ज ऑक्टोबरमध्ये भरताना या कार्डाची प्रत आरोग्य प्रमाणपत्राच्या मागे जोडणार आहे आणि वाटपाच्या दिवशी रांगेत लवकर उभी राहणार आहे.